परदेशी निघालात? आधी खिशातला मोबाईल सांभाळा!

आपल्या वस्त्यांतून परदेशी जाणारी माणसे आता बोटावर मोजण्याइतकी राहिलेली नाहीत. कोणाचा मुलगा इलेक्ट्रिशियन म्हणून दुबईला जातो, कोणाचा जावई कतारमध्ये गाडी चालवतो, कोणाची मुलगी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडच्या विद्यापीठात शिकायला जाते. वयस्कर मंडळी चार पैसे साठवून लुंबिनीला, श्रीलंकेला, थायलंडला जाऊन येतात. ज्या घरातून कधी कोणी जिल्ह्याबाहेर नोकरीला गेले नव्हते, त्या घरातली पोर विमानात बसते, ही मोठी आनंदाची गोष्ट आहे.

अशा वेळी सगळे घर तयारीला लागते. लसणाची चटणी, लोणचे, स्वेटर, पासपोर्ट, फोटो, दाखले, प्रत्येक वस्तूची काळजी घेतली जाते. मोबाईलची तयारी मात्र बहुधा नव्या कव्हरवर आणि विमानतळावरच्या फोटोवर संपते. आम्ही नोकरीने कारकून. सायंकाळी समाजमंदिरात बसून लोकांचे फॉर्म भरून देणे, कागदपत्रे लावून देणे हे काम आम्ही बरीच वर्षे करीत आहोत. परदेशी निघालेला मुलगा आम्हाला हमखास विचारतो, "तिकडे कोणते सिम चालते?" परंतु "तिकडे फोन हरवला तर मी काय करू?" असे विचारणारा क्वचित भेटतो. वास्तविक पहिला प्रश्न हाच असायला हवा.

फोन नव्हे, चाव्यांचा जुडगा

पूर्वी फोन हरवला म्हणजे फोन हरवला, एवढेच होते. आज त्या एका वस्तूत बँक आहे, पैसे पाठवायची सोय आहे, आधार आहे, दाखल्यांचे डिजिलॉकर आहे, ईमेल आहे, विमानाचे तिकीट आहे, व्हिसाचा कागद आहे आणि घरच्यांचे नंबर आहेत. घरातल्या सगळ्या चाव्या एकाच जुडग्यात अडकवून तो जुडगा गर्दीत हातात मिरवावा, तसा हा प्रकार आहे.

आपल्या गावात फोन गेला तर शेजारी आहे, भाऊ आहे, ओळखीचा दुकानदार आहे, बँकेची शाखा चालत जाण्याइतकी जवळ आहे. परक्या देशात यांतले काहीच नाही. आमच्या परिचयातील एका तरुणाचा फोन आखातातल्या एका शहरात बसमध्ये राहिला. सोबत्याने लगेच आपला फोन पुढे केला, "घरी लाव" म्हणाला. पण लावणार कोणता नंबर? आईचा नंबर त्याला पाठ नव्हता. वडिलांचा नव्हता, बायकोचाही नव्हता. घरी खबर पोहोचायला चार दिवस लागले आणि त्या चार दिवसांत इकडे घरात चूल नीट पेटली नाही. गेलेल्या फोनची किंमत फार नव्हती. त्याने दिलेला घोर मोठा होता.

म्हणून आमचे सांगणे असे की, परदेशातल्या फोनची राखण परदेशात गेल्यावर करायची नसते. ती निघण्याच्या आधी घरात बसून करायची असते आणि घरातल्या एका माणसाला बरोबर घेऊनच करायची असते. दोन संध्याकाळचे हे काम आहे. त्याला फार शिक्षण लागत नाही आणि बहुतेक सोयींना पैसाही लागत नाही.

आपला भारतीय नंबर जिवंत ठेवा

बँक, आधार, डिजिलॉकर, ईमेल या सगळ्यांच्या दारावर एकच पहारेकरी बसलेला आहे. तो म्हणजे आपल्या भारतीय नंबरवर येणारा ओटीपी. हा नंबर बंद पडला की आपल्याच घराला आपल्यासाठी कुलूप लागते. पुष्कळ जण तिकडचे सिम मिळताच इकडचे सिम काढून पाकिटाच्या कोपऱ्यात टाकतात आणि विसरतात. रिचार्ज संपतो. प्रीपेड नंबरचा ९० दिवस काहीच वापर झाला नाही, तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. आपल्या बँकेचे निरोप मग अनोळखी माणसाच्या हाती जाऊ लागतात.

यासाठी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, निघण्यापूर्वी आपल्या कंपनीकडून इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्यावे. आलेल्या एसएमएसला साधारणतः पैसे पडत नाहीत, तरी तेही विचारून घ्यावे. दुसरी, दोन सिमच्या फोनमध्ये एका जागी भारतीय आणि दुसऱ्या जागी तिकडचे सिम ठेवावे आणि भारतीय सिमचे डेटा रोमिंग न विसरता बंद करावे. नाहीतर फोन आपोआप त्या सिमवरून इंटरनेट ओढतो आणि शिल्लक संपते. तिसरी, त्या नंबरच्या रिचार्जची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहावी. तो रिचार्ज घरच्यांनी करायचा. भावाने किंवा बहिणीने एवढी एक जबाबदारी घेतली तरी मोठे काम होते.

काही जण भारतीय सिम बटनांच्या जुन्या फोनमध्ये घालून खोलीवर ठेवतात. कल्पना चांगली आहे, पण तो फोन फोरजी असावा. सिंगापूरसारख्या देशाने टूजी सेवा २०१७ सालीच बंद केली. अशा देशात जुना बटनफोन मुका होतो.

सिम कोणाच्या नावावर आहे हेही पाहावे. मामाच्या किंवा दुकानदाराच्या नावावर घेतलेली सिम आपल्याकडे सर्रास सापडतात. सिम हरवल्यावर त्याची दुसरी प्रत ज्याचे नाव आहे त्याची ओळख पटवल्याशिवाय मिळत नाही. परदेशात बसून हे सोपे नसते. तेव्हा नंबर आधी स्वतःच्या नावावर करून घ्यावा.

कुलूप कसे असावे

फोनला पिन लावताना जन्मसाल, १२३४ किंवा गाडीचा नंबर लावू नये. सहा आकडी पिन लावावा. बोटाने रेघ ओढून उघडणारे कुलूप टाळावे, कारण काचेवर बोटाचा माग राहतो आणि शेजारचा माणूस ते दुरूनही ओळखतो. कामगारांच्या राहण्याच्या जागी एका खोलीत सहा-आठ जण असतात. सगळे चांगले असतील, तरी चार्जिंगला लावलेला फोन रात्रभर सगळ्यांच्या हाताशी असतो. कुलूप लावणे म्हणजे कोणावर संशय घेणे नव्हे. घराला कडी लावताना आपण शेजाऱ्याला चोर म्हणत नसतो.

आता एक लहान पण महत्त्वाची गोष्ट. पुष्कळ फोनवर कुलूप असतानाही आलेला संदेश वरच्या पट्टीत पूर्ण वाचता येतो. म्हणजे चोराला फोन उघडण्याची गरजच पडत नाही. ओटीपी त्याला बाहेरूनच दिसतो. सेटिंगमध्ये जाऊन कुलूपबंद पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसणार नाही असे करून ठेवावे.

सिमलाही स्वतंत्र पिन असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. हा पिन लावला नसेल तर चोर आपले सिम काढून स्वतःच्या फोनमध्ये घालतो आणि आपले ओटीपी आरामात घेतो. सिमचा पिन लावला असेल तर त्याला तो प्रत्येक वेळी विचारला जातो. फक्त हे काम घाईत करू नये. तीन वेळा चुकीचा पिन टाकला तर सिम अडकते आणि मग आठ आकडी पीयूके क्रमांक लागतो. तो दहा वेळा चुकला तर सिम कायमचे निकामी होते. म्हणून आधी कंपनीकडे मूळ पिन विचारावा, तो बदलावा आणि वहीत लिहावा. ज्यांच्या फोनमध्ये ई-सिमची सोय आहे त्यांनी तिचा विचार करावा. ते सिम फोनमधून काढून घेता येत नाही.

व्हॉट्सअॅपलाही दुसरे कुलूप आहे. सेटिंगमधील खात्याच्या भागात दुहेरी पडताळणी चालू केली की सहा आकडी पिन ठेवता येतो. तो असेल तर आपला नंबर दुसऱ्याच्या हाती पडला तरी आपले व्हॉट्सअॅप त्याला सहजासहजी चालू करता येत नाही. तिथे 'जोडलेली उपकरणे' अशीही एक यादी असते. ती महिन्यातून एकदा पाहावी. प्रिंट काढण्यासाठी दुकानातल्या कम्प्युटरवर व्हॉट्सअॅप उघडायचे आणि तसेच उठून यायचे, ही सवय इकडेही आहे आणि तिकडेही. त्या कम्प्युटरवर आपले सगळे बोलणे उघडे राहते.

एक प्रत घरी, एक प्रत पेटीत

कारकुनी पेशात आम्ही एक धडा लवकर शिकलो. ज्या कागदाची दुसरी प्रत नाही तो कागद असून नसल्यासारखा. टाइपरायटरच्या दिवसांत कार्बन लावल्याशिवाय पत्र निघत नसे. फोनच्या बाबतीतही नियम तोच आहे.

यासंबंधात आपल्याच इतिहासातली एक गोष्ट आठवते. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनहून मायदेशी परतले, तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे ग्रंथ आणि सामान दुसऱ्या बोटीने निघाले होते. ती बोट शत्रूच्या हल्ल्यात बुडाली. पुढे नुकसानभरपाईची रक्कम मिळाली, पण पोटाला चिमटा घेऊन जमवलेले ते ग्रंथ काही परत आले नाहीत. त्या काळी ग्रंथाची प्रत काढून घरी ठेवण्याची सोय नव्हती. आज ती सोय प्रत्येकाच्या खिशात आहे आणि तिला काही मिनिटे लागतात. तरीही वर्षभराचे प्रबंधाचे काम एकाच लॅपटॉपमध्ये ठेवून ग्रंथालयात फिरणारी मुले आहेत. लॅपटॉप चोरीला गेला तर यंत्राचे पैसे कधीतरी उभे राहतील, वर्षभराची मेहनत कुठून उभी राहणार?

म्हणून पासपोर्टचे पहिले व शेवटचे पान, व्हिसा, तिकीट, नोकरीचा करार, विम्याचा कागद, विद्यापीठाचे पत्र, दहावी-बारावी-पदवीची प्रमाणपत्रे आणि जातीचा दाखला यांच्या प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात. एक कागदावर, फोनपासून वेगळ्या बॅगेत. दुसरी स्वतःच्या ईमेलमध्ये किंवा ऑनलाइन साठवणीत. तिसरी घरी, आई-वडिलांच्या पेटीत. चीनमध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तिथे गुगल आणि व्हॉट्सअॅप नेहमीच्या इंटरनेटवर उघडत नाहीत. तेव्हा जीमेलमध्ये ठेवलेला कागद ऐन वेळी मिळेलच असे नाही. कागदी प्रत हवीच.

पासपोर्ट हरवला तर तिथल्या पोलिसांकडे तक्रार नोंदवून भारतीय वकिलातीत जावे लागते. जवळ जुन्या पासपोर्टची प्रत असेल तर आपण कोण आहोत हे सांगणे सोपे जाते. आणखी एक गोष्ट कामगार बांधवांनी पक्की ध्यानात ठेवावी. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार पासपोर्ट ही सदैव केंद्र सरकारची मालमत्ता असते. मालकाने तो आपल्याकडे ठेवून घ्यावा असा त्याला हक्क नाही. पण कुठे तो घेतलाच गेला, तर हातात प्रत असणे किती मोलाचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

ईमेलसाठी दुहेरी पडताळणी लावली की गुगल दहा राखीव कोड देते. प्रत्येक कोड आठ आकडी असतो आणि एकदाच चालतो. फोन हरवल्यावर दुसऱ्याच्या कम्प्युटरवरून आपले ईमेल उघडायचे तर हेच कोड कामी येतात. ते फोनमध्ये ठेवण्यात काहीच अर्थ नाही. कागदावर लिहून एक प्रत बॅगेत आणि एक प्रत बंद पाकिटात घरी ठेवावी.

पैशांची वाटणी

सगळे पैसे एकाच खात्यात आणि ते खाते फोनमधल्या अॅपला जोडलेले, अशी रचना ठेवू नये. दोन खाती असावीत. फोनला जोडलेल्या खात्यात खर्चापुरते पैसे ठेवावेत. साठवणीचे खाते त्या फोनपासून दूर असावे.

२०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे नवे कार्ड फक्त देशातल्या वापरापुरते चालू असते. परदेशी वापर ग्राहकाने स्वतः चालू करावा लागतो. तो निघण्यापूर्वी चालू करावा, रकमेची मर्यादा कमी ठेवावी आणि परत आल्यावर बंद करावा. यूपीआय नेपाळ, भूतान, श्रीलंका, संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर अशा देशांत काही ठिकाणी चालते, सगळीकडे नाही. लुंबिनीच्या सहलीला जाणाऱ्या ज्येष्ठांनी केवळ मोबाईलच्या भरवशावर राहू नये. थोडी रोकड वेगळ्या खिशात ठेवावी.

आता भगिनींसाठी एक विशेष गोष्ट. नवरा परदेशातून पैसे स्वतःच्या खात्यात टाकतो आणि घरी बायको त्याच्या कार्डावर पैसे काढते, ही पद्धत अनेक घरांत आहे. त्याचा फोन गेला, खाते अडकले की इकडे मुलांची फी थांबते. घरखर्चाचे पैसे बायकोच्या स्वतःच्या खात्यात यावेत, त्या खात्याला तिचा स्वतःचा नंबर असावा आणि ते तिला स्वतःला चालवता यावे. हा मानाचा प्रश्न आहेच. पण घराच्या सुरक्षिततेचाही आहे.

विमानतळावर आणि वाटेत

लॅपटॉप, फोन आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवावी. पॉवर बँक मोठ्या सामानात टाकण्यास मनाईच आहे. १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक साधारणतः वेगळ्या परवानगीशिवाय नेता येते. २०,००० एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-तासांची असते. काही विमान कंपन्यांनी २०२५ पासून विमानात ती वापरण्यास बंदी घातली आहे, तेव्हा तिकिटावरचे नियम वाचावेत.

विमानतळावरील फुकट चार्जिंगच्या यूएसबी जागेतून फोनमधील माहिती चोरली जाऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेच्या डेन्व्हर कार्यालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला होता. असे प्रकार प्रत्यक्षात फारसे उघडकीस आलेले नाहीत. तरी आपला चार्जर भिंतीतल्या विजेच्या प्लगला लावावा, म्हणजे प्रश्नच मिटतो.

फुकट वायफायचा खरा धोका वेगळा आहे. विमानतळाच्या किंवा हॉटेलच्या नावाने कोणीही खोटे वायफाय उभे करू शकतो आणि जोडण्यासाठी म्हणून ईमेलचा पासवर्ड किंवा कार्डाचा नंबर विचारू शकतो. वायफायला आपल्या ईमेलचा पासवर्ड कधीही लागत नाही, एवढे लक्षात ठेवावे. बँकेचे काम स्वतःच्या सिमच्या इंटरनेटवरच करावे.

त्या देशाचा कायदा आपल्या फोनलाही लागू

आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर दिवसभर जे येते ते आपण वाचतो, पुढे ढकलतो, विसरतो. पण ते फोनमध्ये साठून राहते. परदेशी पाऊल टाकल्यावर आपल्या फोनलाही त्या देशाचा कायदा लागू होतो. अमेरिकेत सीमेवरचे अधिकारी फोन तपासू शकतात. न्यूझीलंडच्या २०१८ च्या सीमाशुल्क कायद्यानुसार, संशयाचे कारण असताना प्रवाशाने फोनचा पासवर्ड न दिल्यास त्याला ५,००० न्यूझीलंड डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. जून २०२५ मध्ये अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना आपली सोशल मीडियावरील खाती सर्वांना पाहता येतील अशी खुली ठेवण्यास सांगितले.

संयुक्त अरब अमिरातीत २०२१ चा सायबर गुन्ह्यांविषयीचा कायदा कडक आहे. परवानगीशिवाय दुसऱ्याचा फोटो काढणे, अफवा पसरवणे हे तिथे गुन्हे आहेत. अपघाताचा किंवा अनोळखी स्त्रीचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकणे महागात पडू शकते. तिथे व्हॉट्सअॅपवर लिहिता येते, पण कॉल सर्वसाधारणपणे लागत नाहीत. मग कोणीतरी व्हीपीएन टाकून देतो. गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी व्हीपीएन वापरल्यास त्या कायद्यात ५ लाख ते २० लाख दिरहम इतका दंड आहे. तेव्हा तिथे परवानगी असलेल्या अॅपवरूनच बोलावे. घरच्यांनीही व्हॉट्सअॅप कॉल लागत नाही म्हणून घाबरून जाऊ नये.

आमचा सल्ला साधा आहे. निघण्यापूर्वी फोन हलका करावा. नको असलेले ग्रुप सोडावेत, फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरवण्याची सोय बंद करावी, जुने खासगी फोटो घरच्या साठवणीत ठेवावेत. आपली मते बाळगण्याचा हक्क सोडावा असे आम्ही म्हणत नाही. पण दुसऱ्याने पाठवलेल्या कचऱ्यासाठी आपण परक्या देशात जाब का द्यावा? आणि अधिकाऱ्याने विचारले तर खोटे बोलू नये. कायद्याने जी माहिती सांगावी लागते ती शांतपणे सांगावी.

खोटा फोन आणि घरचा खुणेचा शब्द

परदेशी शिकणाऱ्या मुलांना "मी वकिलातीतून बोलतो, तुझ्या व्हिसात घोटाळा आहे, ताबडतोब पैसे भर" असे फोन येतात. भारतीय वकिलातींनी अशा बनावट फोनबाबत वेळोवेळी इशारे दिले आहेत. पडद्यावर दिसणारा नंबरही खोटा असू शकतो. इकडे आई-वडिलांना फोन येतो, "तुमच्या मुलाला पोलिसांनी धरले आहे, पैसे पाठवा." मागून रडण्याचा आवाजही ऐकवतात. आता यंत्राच्या साहाय्याने आवाजाची नक्कलही होते. 'डिजिटल अरेस्ट' नावाची कोणतीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही.

यावर घरगुती उपाय आहे. निघण्यापूर्वी घरात एक खुणेचा शब्द ठरवावा. तो कुठेही लिहू नये, फोनवर पाठवू नये. पैशांची मागणी आली की आधी तो शब्द विचारावा. लहानपणीच्या शेळीचे नाव, जुन्या घरमालकाचे टोपणनाव, काहीही चालेल. दुसरा एक शब्द संकटासाठी ठेवावा. बोलण्यात तो आला की घरच्यांनी समजावे, पोर मोकळेपणाने बोलू शकत नाही.

ही गोष्ट कोणाला सिनेमातली वाटेल. पण नोकरीच्या आमिषाने थायलंडमार्गे म्यानमारच्या सीमेवरील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत अडकलेले ५४९ भारतीय मार्च २०२५ मध्ये वायुसेनेच्या विमानांनी परत आणले गेले. अशा अड्ड्यांतून सुटलेल्यांनी पासपोर्ट आणि फोन काढून घेतल्याच्या हकिगती सांगितल्या आहेत. म्हणून एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासल्याशिवाय त्याला पासपोर्टची प्रतही देऊ नये.

फोन गेलाच, तर पहिल्या तासात

घाबरू नये. पहिला फोन घरी करावा, आणि त्यासाठी किमान दोन नंबर पाठ असावेत. घरच्या माणसाने ठरलेल्या क्रमाने कामाला लागावे.

आधी बँकेला कळवून खाते, कार्ड आणि यूपीआय थांबवावे. मग मोबाईल कंपनीला सांगून सिम बंद करावे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. १९३० सारखे छोटे नंबर आणि बँकांचे १८०० ने सुरू होणारे नंबर परदेशातून सहसा लागत नाहीत. म्हणूनच घरचा माणूस महत्त्वाचा. ग्राहकाची चूक नसताना फसवणूक झाली आणि त्याने तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवले, तर त्याच्यावर बोजा पडू नये, असे तत्त्व रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिले आहे. पण ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान आपल्यावर येते. दोन्ही बाबतींत वेळ हीच खरी भरपाई आहे.

तिकडे असलेल्याने दरम्यान मित्राच्या फोनवरून गुगलच्या हरवलेला फोन शोधण्याच्या सोयीत जाऊन आपला फोन कुलूपबंद करावा, परत मिळण्याची आशा नसेल तर पुसून टाकावा. मग तिथल्या पोलिसांत तक्रार द्यावी आणि तिची प्रत घ्यावी. तक्रारीत फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक लागतो. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश एवढी बटणे दाबली की तो पडद्यावर येतो. आजच तो लिहून ठेवावा. आपल्याकडच्या 'संचार साथी' पोर्टलवर फोन बंद करण्याची सोय भारतात हरवलेल्या फोनसाठी आहे. आणि कामाच्या ठिकाणी छळ, अडवणूक असे मोठे संकट असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर घरच्यांनाही तक्रार नोंदवता येते.

वहीतले एक पान

हे सगळे लक्षात कसे ठेवायचे, असे कोणी विचारील. लक्षात ठेवूच नये, लिहून ठेवावे. शाळेच्या वहीचे एक पान घ्यावे. त्यावर पुढील गोष्टी लिहाव्यात:

१. घरच्या दोन माणसांचे नंबर, देशाच्या ९१ या क्रमांकासह.
२. बँकेचा परदेशातून लागणारा नंबर आणि खात्याचे शेवटचे चार आकडे.
३. मोबाईल कंपनीचा नंबर आणि रिचार्जची तारीख.
४. फोनचा आयएमईआय क्रमांक.
५. पासपोर्ट क्रमांक आणि त्याची मुदत.
६. त्या देशातील भारतीय वकिलातीचा पत्ता व नंबर.
७. कामाच्या किंवा विद्यापीठाच्या ठिकाणाचा पत्ता आणि तिथल्या एका सोबत्याचा नंबर.

पासवर्ड आणि पिन या पानावर लिहू नयेत. त्यांचे बंद पाकीट वेगळे आणि ते घरीच. पानाच्या दोन प्रती काढाव्यात. एक जाणाऱ्याच्या बॅगेत, दुसरी आईच्या पेटीत. आईला वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाने ते पान तिला वाचून दाखवावे आणि कोणता नंबर कशाचा हे समजावून सांगावे.

श्रीमंतांच्या घरात चुलता परदेशी असतो, मावसभाऊ परदेशी असतो. त्यांच्या मुलांना या गोष्टी जेवताना बोलण्यातून कळतात. आपल्या घरातून जाणारा बहुधा पहिलाच असतो. त्याला सांगणारे कोणी नसते. ही उणीव आपणच भरून काढली पाहिजे. वस्तीतल्या मंडळांनी, महिला मंडळांनी, विद्यार्थी वसतिगृहांनी परदेशी जाणाऱ्याचा सत्कार जरूर करावा, हार घालावा. पण त्याच कार्यक्रमात आधीचा तास या कामाला द्यावा. तिकडून परत आलेल्या एखाद्या कामगाराला किंवा विद्यार्थ्याला समोर बसवावे, जाणाऱ्याचा फोन हातात घेऊन सगळी कुलपे तपासावीत आणि ते एक पान तिथेच लिहून काढावे. हाराची फुले दुसऱ्या दिवशी सुकतील, ते पान वेळेला उपयोगी पडेल.